रजा आणि निरोप

फणसवाडी, गिरगाव, मुंबई
ता. १२ नोव्हेंबर १८९४

तीर्थरूप अण्णांचे चरणी,
बालक रघुवीराचा साष्टांग नमस्कार. वि. वि. आईचा ताप हटत नाही, हे तुमच्या पत्रातून वाचल्यापासून घास गोड लागत नाही. परवाच्या आगबोटीने निघतो आहे. तुमच्या सुनेला, शांतेला, तिच्या मामांकडे लालबागेस पोचवून येईन.

गिरणीतून रजा मिळाली. आमचे हेडक्लार्क कुशाबा घरच्या बारशासाठी घोडपदेवासच राहिले होते, म्हणून इंग्रजी अर्ज मी एकट्याने लिहिला. एरवी त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय माझी ओळही साहेबांपुढे जात नाही. आई फार आजारी आहे, तिच्याजवळ असणे माझे कर्तव्य आहे, असे लिहिले. शेवटी मराठीत आपण ‘आपली रजा घेतो’ लिहितो, त्याप्रमाणे ‘आय टेक लीव्ह ऑफ यू’ असे लिहून सही केली.

साहेब वाचून उठून उभे राहिले आणि चक्क माझा हात हातात घेतला. आईला आराम पडो, तुझे काम चोख होते, असे म्हणाले. आजवरचा पगारही लगेच काढून द्यायला लावला. एवढा मायाळू गोरा साऱ्या परळात दुसरा नसेल. रघ्याला इंग्रजीचा काय उपयोग, असे तुम्ही विचारत होता ना? आता बघा.

आईला सांगा, मी निघालो. माझ्या वाट्याचा लोभ तोवर तिच्या उशाशी राहू द्यावा.
आपला,
रघुवीर

—

फणसवाडी, मुंबई
ता. १७ डिसेंबर १८९४

तीर्थरूप अण्णांचे चरणी,
रघुवीराचा साष्टांग नमस्कार. वि. वि. मी पोचलो. आईचे दिवसकार्य उरकून निघालो तेव्हा तुम्ही बंदरावर एकटे उभे होता, ते डोळ्यांपुढून हलत नाही.

तुमच्यापासून लपवून काय करू? माझी नोकरी गेली. गिरणीत गेलो तो माझ्या मेजावर जगन नावाचा नवा कारकून लिहीत बसलेला. कुशाबांनी मला बाजूला नेले, दप्तरातून माझा अर्ज काढला आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवले. नुसते ‘टेक लीव्ह’ म्हणजे रजा घेणे. त्यापुढे ‘ऑफ यू’ जोडले की त्याचा अर्थ तुमचा कायमचा निरोप घेतो, असा होतो. साहेबांनी हात मिळवला तो मी नोकरी सोडून चाललो म्हणून. मी मात्र वाटभर त्यांना दुवा देत गेलो.

कुशाबांचा सल्ला असा, की आईच्या काळजीने भान सुटून राजीनामा दिला, आता पस्तावतो, असे सांगावे. इंग्रजी कळले नाही म्हटले तर कारकुनी पुन्हा मिळणार नाही. ते माझ्या भल्याचेच सांगतात. मी काय करू, ते तुम्ही कळवा.

एक गोष्ट मनातून जात नाही. साहेबांचा निरोप मी नको असताना घेतला. आईने मात्र तापात मला ओळखलेही नाही, आणि वैद्यांना घेऊन परत आलो तोवर सारे संपले होते.

शांता नमस्कार सांगते. लेकराला पदरात घ्यावे.
आपला,
रघुवीर

—

मु. देवगड
ता. २४ डिसेंबर १८९४

चिरंजीव रघुवीर यास,
अण्णांचे अनेक आशीर्वाद. वि. वि. पत्र पोचले. शेजारची जाईबाई दोन्ही वेळा ताट आणून ठेवते, तेव्हा माझी चिंता नको.

मी उभा जन्म शाळेत पोरांची अक्षरे तपासली. चुकलेल्या पोराचा मला कधी राग आला नाही. चूक झाकणाऱ्याचा येई. कुशाबा भले गृहस्थ आहेत, पण त्यांचे ऐकू नको. तुझ्या आईच्या दुखण्याआड तू लपलेला मला चालणार नाही. खरे ते सांग. नोकरी गेली तर गेली. आणि घरून निघताना आपण ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. साहेबाला ‘येतो’ कसे लिहायचे, एवढे मात्र शिकून घे.

आता दुसरे. त्या पहाटे तू वैद्यांकडे धावलास आणि तिने डोळे उघडले. रघू आला होता ना, जेवला का, असे विचारले. मी हो म्हटले. मग ती शांत पडून राहिली. हे तुला तेव्हाच सांगायला हवे होते. पण सांगताना माझा धीर सुटला असता, आणि तुला सावरायला दुसरे कोणी नव्हते. तिने तुला ओळखले होते, बाळ.

शांतेस आशीर्वाद. म्हाताऱ्यावर माया आहे, ती तशीच असू दे.
अण्णा

—

फणसवाडी, मुंबई
ता. २ जानेवारी १८९५

तीर्थरूप अण्णांचे चरणी,
रघुवीराचा साष्टांग नमस्कार. वि. वि. तुमचे पत्र शांतेने मोठ्याने वाचले, तेव्हा माझ्याने ऐकवेना. पुढे मीच एकट्याने वाचले.

काल साहेबांना भेटलो. मला रजाच हवी होती, लिहिण्यात चुकलो, एवढे सरळ सांगितले. ते हसू लागले. ‘मी हात मिळवला तो कशासाठी, असे तुला वाटले?’ असे त्यांनी विचारले. मी म्हणालो, आईसाठी. त्यांचे हसू थांबले. आईच्या सुतकात उतरवलेल्या माझ्या मिशीकडे ते कितीतरी वेळ बघत राहिले आणि मग आई कशी आहे, ते हळू आवाजात विचारले. माझ्या तोंडून निघाले, “शी टुक लीव्ह ऑफ अस.”

साहेबांनी मान हलवली. ते म्हणाले, “हे बरोबर आहे.”

जगनला काढून मला घेता येणार नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितले. त्याच्या बायकोचे बाळंतपण जवळ आले आहे, तेव्हा ते मलाही नको होते. सोमवारपासून कापडाच्या गोदामात मोजणीचे काम दिले आहे. पगार कमी आहे, पण भागेल.

बाहेर आलो आणि जिन्यातच बसलो. अण्णा, तिथे तुमच्यापुढे मी रडलो नव्हतो, ते काल गिरणीच्या जिन्यात रडलो. वर-खाली जाणारी माणसे बाजूने जात होती, कोणी काही विचारले नाही.

शांतेने तुमच्यासाठी खिडकीजवळची जागा मोकळी केली आहे. शिमग्याआधी तुम्ही इकडे यावे. माया पत्रातून पाठवू नये, सोबत घेऊन यावी.
आपला,
रघुवीर