आत माणूस आहे

देवास,
शुक्रवार, १२ सप्टेंबर २०२५

तीर्थस्वरूप वन्संना देवासहून नलिनीचा वाकून नमस्कार.

तुमच्या गुडघ्याला नवीन तेल लागू पडलं का? इथे आम्ही बरे आहोत. मागच्या दारच्या वेलाला गिलकी अजून येत आहेत आणि हे रोज त्यांची भजी मागतात. भूक चांगली आहे. झोपही बरी.

तुमचा निरोप ऐकला. सूनबाई शिखाने तुमचा आवाज मोबाइलवर भरून पाठवला होता. "नेमावरला जायला वेळ असतो, धारला घरच्या घटाला यायला नसतो. नलिनी, भाऊ आहे तो माझा, तुझ्याकडे गहाण नाही ठेवलेला!" ऐकून आधी हसूच आलं. शाळेत शिकवायचात तेव्हा मुलांना अशाच झापत असाल. मग मोबाइल पालथा घालून ठेवला.

उत्तर फोनवर देता आलं असतं. पण हे दिवसभर माझ्या आजूबाजूला असतात, बोलायला आडोसा मिळत नाही. मेसेज करावा तर तो तुम्हाला शिखा वाचून दाखवणार. हाताने लिहिलेलं मराठी मात्र तुमच्या घरात तुमच्याशिवाय कुणी वाचत नाही. दुसऱ्या ओळीला शिखा "बुआजी, आप ही पढ़ लो" म्हणून कागद तुमच्या हातात देईल. म्हणून हे पत्र.

तर यंदा नवरात्रात यांचं धारला येणं जमेलसं दिसत नाही. कारण विचाराल तर कंप्युटर.

अजेयने बंगळुरूहून सगळे सुटे भाग पाठवले. "बाबा, तयार आणण्यापेक्षा तुम्हीच जोडा." यांचं आयुष्य फॅक्टरीच्या मेंटेनन्समध्ये गेलेलं, स्क्रू दिसला की हात शिवशिवतात. जेवणाचं टेबल रिकामं केलं, मला स्वयंपाकघरात पाट मांडून जेवायला लावलं, आणि भिंग घेऊन बसले. एकेक वायर अशी वळवून बांधली की अजेय व्हिडिओवर बघून म्हणाला, "बाबा, हे तर तुमच्या फॅक्टरीतलं पॅनल वाटतंय. आमच्या ऑफिसात कुणाला असं जमणार नाही." मला वेणीची आठवण झाली. आमची मेधा लहान असताना तिची वेणीही हेच घालत, तारेसारखी घट्ट. बिचारी डोळे ताणून शाळेत जायची.

सगळं जोडून झालं, बटण दाबलं, आणि काही नाही. दिवा नाही, पंखा नाही.

मग अजेयने फोनवरून सांगायला सुरुवात केली. मोठा प्लग टक् आवाज येईपर्यंत दाबा. दाबला. रॅमची पट्टी काढून परत बसवा. बसवली. कंप्युटरच्या डब्याच्या बटणाच्या बारीक वायरी उलट्यासुलट्या लागल्या असतील, त्या काढा आणि स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने दोन पिना एकमेकींना टेकवा. मी मोबाइल धरून उभी, यांनी टेकवल्या. काही नाही. मागे पॉवर सप्लायला छोटा खटका असतो, तो बघा. तो चालूच होता. "आई, भिंतीवरच्या बोर्डाचा खटका चालू आहे ना?" मी म्हटलं, हो. तेव्हा अजेय म्हणाला, पॉवर सप्लायच मेलेला आला असेल, मी दुसरा पाठवतो. तो यायचा आहे. म्हणून म्हटलं, हे अर्धवट टाकून निघणार नाहीत, तुम्हाला स्वभाव माहीत आहे.

वन्सं, इथवर लिहून मी उठले, चहा केला, यांना दिला. परत वाचून बघितलं. हे वाचून तुम्ही माझ्यावर जास्तच चिडाल, आणि ते बरोबर होईल.

कंप्युटरमध्ये बिघाड नाही. भिंतीवरचा खटका बंद आहे. अजेयला मी खोटं सांगितलं.

त्या खटक्यावर लाल पाटी लटकते आहे. ती तुम्हीही बघितली आहे. फॅक्टरीतून निवृत्त होताना आणली होती. कुठलंही यंत्र उघडायच्या आधी मेन बंद करायचा, त्यावर आपल्या नावाची पाटी लावायची, आणि ती पाटी ज्याची त्यानेच काढायची. दुसऱ्याने हात लावायचा नाही, मग तो मॅनेजर का असेना. कारण आत माणूस असतो. घरात ट्यूबलाइट बदलतानाही हे ती लावत. एका गणपतीत मिक्सर साफ करायला घेतला आणि पाटी लावून बाजारात निघून गेले, तेव्हा पाहुण्यांना मी चटणीशिवाय जेवायला वाढलं होतं. तुम्हीच म्हणाला होतात, "आता नलिनीच्या कपाळाला लाव एक."

कंप्युटर जोडायला घेतला तेव्हाही पाटी लावली. जोडून झाला, पण पाटी काढली नाही. मला वाटलं, विसरले; यांच्यादेखत ते बोलायला नको, म्हणून अजेयला हो म्हटलं. विसरतात ते. हेच मी तुमच्यापासून लपवत आले आहे. चैत्रात इंदूरच्या डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं की हे विसरणं वाढत जाणार. हातांना येतं ते शेवटपर्यंत टिकतं, म्हणून हातांना काम द्या, असं ते म्हणाले. ते सुटे भाग त्यासाठी आले होते. तुम्हाला सांगायचं नाही, हे यांनी तेव्हाच माझ्याकडून कबूल करून घेतलं. "अक्काला कळवू नकोस. ती नवस बोलून उपास करत बसेल आणि गुडघ्यांची वाट लावून घेईल."

नेमावरलाही मी कळवलं तसं दर्शनाला गेले नव्हते. तुमच्याकडेच यायला निघाले होते. मी दळण आणायला गेले, तेवढ्यात पिशवीत धोतर भरून निघाले आणि भलत्याच गाडीत बसले. नर्मदा दिसल्यावर खाली उतरेनात. "धार में नदी कहाँ से आई?" म्हणून कंडक्टरशी भांडण. त्या भल्या माणसाने यांच्या खिशातल्या चिठ्ठीवरून मला फोन केला आणि मी जाईपर्यंत जवळ बसवून ठेवलं.

मंगळवारी हे आंघोळीला गेले होते. मला वाटलं, किती दिवस हा डबा मुका ठेवायचा. मी पाटी काढली, खटका लावला, बटण दाबलं. वन्सं, पहिल्या फटक्यात सुरू झाला. पंखे फिरले, निळा दिवा लागला, पडदा उजळला. यांच्या हातात अजून सगळं आहे, हे बघून मी तिथेच उभी राहून टाळ्या वाजवल्या.

पंख्यांचा आवाज ऐकून हे तसेच धावत आले. तोंडाला साबण, अंगाला पंचा. खटका बंद केला, माझा हात धरून मला मागे ओढलं. "भिया, पागल हो क्या? अंदर आदमी है!"

चाळीसहून जास्त वर्षांच्या संसारात मला पहिल्यांदा कुणी फॅक्टरीतल्या सोबत्याला म्हणावं तसं भिया म्हटलं. मी टॉवेलने यांच्या तोंडावरचा साबण पुसला आणि विचारलं, "अहो, आत कोण आहे?"

यांनी पाटी उचलून नीट वाचली. "सुभाष है. देखो, नाम लिखा है. वो बाहर आएगा तो खुद निकालेगा."

"मग तुम्ही कोण?"

"मैं बाहर खड़ा हूँ. किसी को तो खड़ा रहना पड़ता है ना."

तेव्हापासून स्टूल घेऊन त्या खटक्याजवळ बसतात. चिडत नाहीत, त्रास देत नाहीत. जेवायला उठतात तेव्हा मला बसवून जातात. कधी माझ्याशी मराठीत बोलतात, मी नलिनी असते. कधी मी फॅक्टरीतली कुणीतरी असते. "अहो" म्हटलं की मात्र दर वेळी वळतात. त्या शब्दात नाव नाही, म्हणून असेल.

काल मी म्हटलं, "अक्का धारला वाट बघतायत, घटाला जायचं ना?" एकदम सरळ बसले. म्हणाले, "मालूम है. सुभाष की बहन है धार में. वो बाहर आ जाए, पहली गाड़ी से भेजता हूँ उसको. उसके बिना घट नहीं बैठता उनके यहाँ."

वन्सं, माझा भाऊ सोडत नाहीस म्हणालात ना. मी सोडला असता हो.

मग यांनीच मला सांगितलं, "एक बार आवाज दे के देखो." फॅक्टरीत तशी रीत होती म्हणे. पाटी बरेच दिवस राहिली तर नाव घेऊन हाक मारायची, आतून ओ आली की समजायचं. आपल्याकडे बायकोने नाव घ्यायचं ते उखाण्यात. हाक म्हणून ते माझ्या तोंडून कधी निघालं नाही. मी त्या डब्यापुढे उभी राहिले आणि म्हटलं, "सुभाष." माझ्या कानांनाच परकं वाटलं. यांनी मान तिरकी करून, श्वास धरून ऐकलं. परत एकदा म्हणायला लावलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "नहीं सुना उसने. आवाज पहचानता नहीं होगा."

घट यंदा शिखाकडून बसवून घ्या. तिला येत नसेल तर बाजूला बसून सांगा. नवस बोलू नका, उपास करू नका. अजेयला मी रविवारी खरं सांगणार आहे. मग तो काय ठरवेल, आम्हाला कुठे नेईल, मला ठाऊक नाही. त्याच्या आधी तुम्ही देवासला या. गाडी करा, शिखाला बरोबर घ्या. आणि यांनी तुम्हाला ओळखलं नाही तर दारातून मागे फिरू नका.

यांना चालता येत नव्हतं तेव्हापासून तुम्ही नावाने हाक मारत आला आहात. तो आवाज आत पोचेल, असं मला वाटतं. नाही पोचला, तर आपण दोघी मिळून बाहेर उभ्या राहू.

वाट बघते आहे. दोघांच्याही वतीने,

तुमची
नलिनी