मागेल त्याला वाटा

७ ऑक्टोबर
बिस्मिल्ला. आज नारिनहून गाडी आली, मीही तिच्यातूनच आले. पिठाचं पोतं ३१० सोम, मीठ १२, चहाचे दोन पुडे ३६, रॉकेल ४५, बंदुकीच्या आखूड गोळ्यांचं खोकं १६०. साखर घेतली नाही, तुराटदादाने पाठवणीत मधाची बरणी दिली आहे.

घर दगडी, उबदार. मालकांचं नाव एशेनकुल. इथे एकदाच लिहिते, तोंडाने घ्यायची रीत नाही. हे शिकारीचा तळ सांभाळतात. डोंगरी बोकड मारायला परदेशी पाहुणे येतात, त्यांना घेऊन वर जातात. सासूबाईंची जीभ तिखट आहे. खालच्या गावातून आलेल्या बाईला म्हणाल्या, आमची केलिन, नवी सून, दहावी शिकलीय बरं, मेंढ्या मोजायला चष्मा लावून बसेल. मी हसले. पस्तिशी उलटलेलीला असं घर मिळालं, अल्लाची मेहेर.

११ ऑक्टोबर
ह्यांनी बंदूक शिकवली. मी खाली गेलो की तू एकटी असशील, यायलाच हवी, म्हणाले.

बंदूक आखूड गोळ्यांची आहे, पण मॅगझीन लांब गोळ्यांचं. म्हणून आत मागच्या बाजूला बोटभर जाडीचा अक्रोडाचा ठोकळा पितळी स्क्रूने बसवला आहे. त्याच्यामुळे गोळ्या पुढे सरकून राहतात. बोल्ट मागे ओढून पुढे ढकलला की एकेक गोळी उचलली जाते. चार मावतात. ठोकळा काढला तर गोळ्या मागे घसरतील आणि बोल्ट त्यांच्यावरून नुसताच कोरडा जाईल. नवीन मॅगझीन दोन हजार सोमला, ठोकळा फुकट. हा माणूस मला आवडला.

चार गोळ्या झाडल्या, दोन डब्याला लागल्या. सासूबाई म्हणाल्या, अगं बाई, डबा चांगला होता.

१९ ऑक्टोबर
पाहुणे गेले. परवाना दोन बोकडांचा होता, मारले सात. त्यांच्या बंदुकीत एका दमात दहा गोळ्या मावतात, थांबावं लागत नाही. ह्यांना ते आवडलं नाही, पण पैसे घेतले.

रात्री मांसाचा रस्सा वाढताना मी सहज विचारलं, खाली येताना वाटेत कुणी शिरालगा मागितला का. शिकारी दिसला की कुणीही वाटा मागावा, आणि मागितला की द्यावाच लागतो. माझ्या माहेरीही हेच आहे. सासूबाईंचा डाव पातेल्यातच थांबला. मग ह्यांनी सांगितलं, गेल्या वर्षी वरच्या खिंडीत एका बाईने मागितला होता. मांस नको म्हणाली. मग काय दिलंत, विचारलं, तर हे कुत्र्याला हाड टाकायला बाहेर गेले.

सकाळी अंगणातल्या बर्फात बोकडाच्या खुरांचे ठसे होते. पण एकापुढे एक, दोनच पायांचे. माणूस चालतो तसे.

२६ ऑक्टोबर
गाईची धार काढत होते. भिंतीपलीकडे सासूबाई ह्यांना रागावत होत्या. तिच्या हातात बंदूक देऊन जातोस? वाटा घेणाऱ्यावर नेम धरायचा नसतो, एवढंही कळत नाही? हे म्हणाले, बंदूक नसेल तर ती एकटी राहायची नाही, आई. मी बघतो काय ते.

मेंढीबद्दल बोलत असतील असं मनाला सांगितलं. पण मेंढी कुठे बंदूक धरते. ह्यांना विचारलं. आई म्हातारी झालीय, काहीबाही बोलते, म्हणाले, आणि माझ्या डोक्यावरचा रुमाल नीट केला. इतक्या मायेने कुणी केला नव्हता.

२ नोव्हेंबर
सासूबाईंना डॉक्टरकडे न्यायचं म्हणून दोघं खाली गेली. घोडे नेले. कुत्राही नेला, गोळ्यांचं खोकंही. बंदूक भरून, एक गोळी नळीत चढवून खुंटीला टांगून ठेवली. उघडू नकोस, थंडीत तेल घट्ट होतं, म्हणाले. जाताना सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही.

३ नोव्हेंबर
दुपारी, नमाज झाल्यावर. उतारावरून एक बाई आली. डोक्याला पांढरा रुमाल बांधलेला, करडा अंगरखा. वाटलं वाट चुकली, चहाचं आधण ठेवलं. जवळ आली तेव्हा पाय पाहिले —

खूर.

केलिन, मी वाटा न्यायला आलेय, म्हणाली. आवाज गोड.

मी हवेत गोळी झाडली. बोल्ट ओढला, ढकलला. कोरडा गेला. पुन्हा ओढला. कोरडा. मॅगझीन काढून पाहिलं. तीन गोळ्या मागे घसरलेल्या. ठोकळा नाही. ती अंगणातच उभी राहिली. ठोकळा पडला असेल म्हणून सगळं घर झाडलं.

चुलीच्या राखेत पितळी स्क्रू मिळाला. सरळ, आटे शाबूत. कुणीतरी सावकाश फिरवून काढलेला.

माझ्या डोक्यावरचा रुमाल नीट केला ह्या माणसाने.

४ नोव्हेंबर
लाटणं कापून ठोकळा केला, दोऱ्याने बांधला. बसला. तीनही गोळ्या नीट चढल्या. तिन्ही तिला लागल्या. बर्फावर रक्त नाही.

ती अंगणात बसून आहे. रागावली नाही. उंबऱ्याच्या आत येत नाही. म्हणते, वाटा हिसकायचा नसतो, तो मिळतो. बाई मागितली की देणारी घरं दोन, सासर आणि माहेर. सासरने दिलंय. माहेरचं कळलं की नेते.

मी म्हटलं, माझा दादा देणार नाही. ती हसली —

५ नोव्हेंबर
टपालवाला जापार आला. अंगणाच्या कडेलाच थांबला, घोड्यावरून उतरला नाही. मला ने, मी म्हटलं. ताई, दिलेल्या वाट्याला हात लावत नाहीत, म्हणाला. मान खाली. कागद असेल तर नेतो. मग आपणच म्हणाला, तुराटच्या दारात करडी घोडी बांधलीय, एशेनकुलची. गेल्या आठवड्यात मीच पोचवली. कशाबद्दल ते मला माहीत नाही, ताई, खरंच माहीत नाही.

हेच पान फाडून देते.

तुराटदादा, घोडी लग्नातलं देणं म्हणून घेतलीस ना? ह्यांनी तुला दुसरं काही सांगितलं नव्हतं ना? तिलाही मी हेच सांगतेय. ती ऐकतेय, मान हलवतेय. उत्तर येईपर्यंत थांबते म्हणाली. जापार घाई करतोय. घोडी परत पाठव. नसेल जमत तर नको, फक्त तुला माहीत नव्हतं एवढं लिही. दोन शब्द पुरेत, साधं कार्ड चालेल, तिकिटाचे पैसे मी जापारजवळ दिलेत. उलट टपाली कळव, दादा, उलट टपाली —