फुफ्फुसं केंद्राची की राज्याची?

बसवकल्याण, सोमवार

ती. अंकुशराव दाजींना मारोतीचा नमस्कार. सुमनअक्काला वेगळा नमस्कार, कारण एकाच नमस्कारात दोघांना उरकलेलं तिला खपत नाही.

तिकडं निर्णा गावात तुमचा गुडघा, शेतातली तूर आणि अक्काचा खोकला (ती म्हणते, मिरचीच्या फोडणीचा) तिन्ही बेतात असावेत. मी मजेत आहे. बसस्टँडावरून घरी येताना फक्त चार ठिकाणी थांबावं लागतं. मी दम खातो आणि लोकांना वाटतं, मारोती आपली चौकशी करायला थांबला. माणूस म्हणून गावात माझं नाव फार वाढलं आहे.

मुंबईच्या जहाजदुरुस्तीच्या यार्डात बावीस वर्षं मी वाफेच्या पाइपांना अ‍ॅस्बेस्टॉसचं पांढरं कापड गुंडाळलं, हे तुम्हाला ठाऊकच आहे. त्याचा भुसा छातीत जाऊन बसलाय, असं गुलबर्ग्याच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरून सांगितलं. म्हणून यार्डावर भरपाईचा दावा लावायचं ठरवलं. विजयश्री वकील (शिवशंकर मास्तरांची मुलगी, वयानं लहान, आवाजानं मोठी) म्हणाली, "मामा, दावा पक्का हाय. फकस्त कुठं लावायचा, तेवढं बघू." ते 'तेवढं' आज आठ महिने आम्ही बघतो आहोत.

राज्याच्या कचेरीत विचारलं, जहाज कुणाचं होतं? सरकारी, म्हणालो. मग केंद्राकडं जा. केंद्राच्या कचेरीत विचारलं, पगार कोण द्यायचं? ठेकेदार, म्हणालो. मग राज्याकडं जा. पण कोणत्या राज्याकडं? ठेकेदार महाराष्ट्रातला आणि दम लागतो कर्नाटकात. दाजी, आपला मुलूख कुणाचा, हा वाद १९५६ पासून चालू आहे. माझी फुफ्फुसंही शेवटी याच मातीची निघाली. चन्नबसप्पा नावाच्या कारकुनानं तर गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "अण्णा, भुसा आत गेला तवा जहाज पाण्यात व्हतं का सुक्या गोदीत?" म्हटलं, "साहेब, जाताना त्यानं मला सांगितलं न्हाई." मी हसलो, हसताना खोकला लागला, आणि तो काही थांबेना. त्या भल्या माणसानं मला स्वतःच्या खुर्चीत बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाला, "कामून एकटेच फिरायलाव? घरचं कुनी न्हाई का संगं?"

एवढ्यात यार्डाचं उत्तर आलं. पहिल्या परिच्छेदात लिहिलंय, ते कापड सरकारच्या हुकुमावरून वापरलं, तेव्हा भांडण केंद्राचं. दुसऱ्यात लिहिलंय, असलं कापड आमच्या यार्डात कधी आलंच नाही. (खाली सही एकाच माणसाची.) विजयश्री म्हणाली, "मामा, त्या कापडाचा एक तुकडा दाखवा, मग बघते यांच्याकडं."

आणि मला अक्काची वास्तुशांती आठवली! भावानं रिकाम्या हातानं जायचं नाही, म्हणून यार्डातले उरलेसुरले तुकडे जोडून मी चुलीपाशी वापरायचं फडकं शिवून आणलं होतं. कोपऱ्यात यार्डाचा निळा शिक्का आहे बघा. साड्या देणारे पुष्कळ होते, पण अक्कानं सगळ्या बायकांसमोर माझंच फडकं जाळावर धरलं होतं, "माझ्या भावाचा आहेर हाय, जळत न्हाई!" शेजारच्या रुद्रम्मानंही तसलंच मागितलं होतं, आणि तुकडे संपले म्हणून मी हळहळलो होतो. अठरा वर्षं अक्का त्यानंच तवा उतरवते आणि रोज सकाळी उंबऱ्यावर झटकते.

तर येत्या गुरुवारी गुलबर्ग्याला तारीख आहे. फडकं आपलंच, हे सांगायला अक्का सोबत हवी. मी जीप घेऊन येतो.

लोभ आहेच, तो असाच राहू द्या.

तुमचा मेहुणा,
मारोती

ता. क. अक्काला पत्र वाचून दाखवताना इथं थांबा आणि घडी घाला. (फोनच केला असता, पण तुम्ही स्पीकर लावता आणि ती शेजारी बसते.)

ता. क. दुसरा : फडक्याला अक्काला हात लावू देऊ नका. तुम्ही तोंडाला ओला रुमाल बांधा, फडक्यावर आधी पाणी शिंपडा, न झटकता दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत घाला, तोंड बांधा आणि गोठ्यामागं ठेवा. तिला सांगा, पुरावा आहे, वकिलाचा हुकूम आहे.

ता. क. तिसरा : मी विजयश्रीला विचारलं, जी बाई यार्डात कधी गेलीच नाही, तिचा दावा कुठं लागतो? केंद्रात की राज्यात? आठ महिन्यांत पहिल्यांदाच त्या पोरीनं फाइल मिटली आणि डॉक्टरांना फोन लावला.

दाजी, गुरुवारी माझी कसलीही तारीख नाही. गुरुवारी डॉक्टरांची वेळ घेतली आहे, ती अक्काच्या नावावर. तिला खरं सांगाल तर म्हणेल, मिरचीच्या खोकल्याला कशाला डॉक्टर. मारोती एकटाच हिंडतोय म्हणून सांगा, म्हणजे पायात चप्पल न घालता जीपमध्ये बसेल.