त्याच पगारातले ह्यूस्टनचे घर

प्रिय अँसेल,

आधी वस्तुस्थिती, घडली त्या क्रमाने. आमची वकिलांची फर्म न्यूयॉर्कला जो पगार देते, तोच ह्यूस्टनला देते. न्यूयॉर्कला त्यात दीड खोली मिळे आणि तुझा चेलो पलंग व कपाटाच्या मधे अंग चोरून उभा असे. म्हणून मी बदली मागून घेतली. इथे त्याच पगारात अंगणाचे घर घेतले आणि तुझ्या रियाजासाठी जाड भिंतींची खोली बांधवून घेतली. तू आलास, एक संध्याकाळ वाजवलेस आणि परत न्यूयॉर्कला गेलास.

मी बरी आहे. अंगणात अंजिरे पिकली आहेत. एकटीने किती खाणार? तिथल्या शेजारच्या पिन्स्कीबाईंचा गुडघा कसा आहे? त्या भिंतीवर काठी आपटून ओरडायच्या, "पोरा, तिसरी ओळ पुन्हा घे, बेसूर झाली." मी त्यांना नोटीस पाठवायला निघाले, तेव्हा तू म्हणालास, "राहू दे गं, फुकटची गुरू आहे."

इथून निघताना तू म्हणालास, "मिरियम, इथं रात्रभर वाजवलं तरी कुणी भिंत ठोकणार नाही गं." मी ती घराची स्तुती समजले आणि आभार मानले.

परवा त्या खोलीत दार लावून मी तुला मोठ्याने हाक मारली. बाहेर काही ऐकू गेले नसेल. काम चोख झाले आहे.

तू येणार आहेस की नाही? फोनवर तू मला हसवतोस आणि प्रश्न राहून जातो. म्हणून उत्तर लेखी पाठव.

अजून तुझीच,
मिरियम