पाचव्या झाडाशी थांबलेली करवत

प्रिय मास्तरीणबाई,

बहिणीकडे सुखरूप पोचलीस ना? प्रवासात तुझा गुडघा सुजतो म्हणून विचारते. एवढं होऊनही पहिला प्रश्न हाच आला, सवय दुसरं काय.

मंगळवारी सकाळी मी मशिनीवर बसले होते. नर्सबाईंचा गणवेश उसवून सैल करत होते. मागच्या मोकळ्या जागेतून घरघर ऐकू आली, वाटलं नळाचं काम निघालं असेल. मग काहीतरी कडाडून कोसळलं आणि दुकानाच्या काचा थरथरल्या. गळ्यात मापाची टेप तशीच, पायात काही नाही, अशी मी धावले. चौदांपैकी चार झाडं आडवी झाली होती. पाचव्याला करवत लावलेली होती.

अकरा वर्षांपूर्वी शाळेतून निवृत्त झालीस त्याच आठवड्यात तू दुकानात येऊन म्हणालीस, "घरी बसून मला वेड लागेल. चल, तुझ्या दुकानामागच्या त्या उकिरड्यावर झाडं लावू." मी म्हटलं होतं, मला सुईत दोरा ओवता येतो, रोपाचं मला काय कळतंय? तरी तू ओढून नेलंस. पहिल्या दिवशी आपण दोघीच होतो. लोक खिडकीतून हसायचे, आपल्याला कुदळ-फावडं म्हणायचे. मग प्लंबरने आपणहून पाइप टाकून दिला, नर्सबाई सुट्टीच्या दिवशी तण काढायला येऊ लागल्या, आणि बघता बघता रविवारची सकाळ म्हणजे सगळ्या गल्लीचे हात चिखलात. कागदोपत्री मंडळही झालं, मी अध्यक्ष, तू चिटणीस. दरवर्षी झाडांचा वाढदिवस. मी टेपने बुंधे मोजायचे, तू वहीत लिहायचीस, पोरं आकडा ऐकून टाळ्या पिटायची. नवरा गेल्यावर मला उठून कुठेतरी जायला जागा होती ती एवढीच. हे तुला माहीत आहे, तरी लिहिते.

झाडं तोडणाऱ्यांच्या मुकादमाला मी ओरडून विचारलं, "कुणाला विचारून तोडताय?" त्याने शांतपणे खिशातून कागद काढला. म्हणाला, "बाई, तुमच्याच मंडळाचं पत्र आहे. गाड्या लावायला जागा हवी, झाडं काढायला आमची हरकत नाही, असं लिहून दिलंय." खाली तुझी सही होती, चिटणीस म्हणून. शेजारी अध्यक्ष म्हणून माझी. हुबेहूब माझी, शेवटच्या अक्षराच्या शेपटीसकट.

माझं मनगट मोडलं होतं त्या वर्षी मीच तुला ती सही करायला शिकवली होती. रोपवाटिकेची पत्रं अडायला नकोत म्हणून, हसत हसत, चार कागद वाया घालवून.

प्लंबर, नर्सबाई, सगळे जमले होते. प्लंबरने कागद वाचला आणि माझ्याकडे बघितलं. "तुम्ही सही केलीत?" मी गप्प राहिले. नाही म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न तुझ्यावर आला असता. तो पाचव्या झाडाला पाठ लावून बसला आणि त्याच्यामागे एकेक जण बसत गेला. करवत थांबली. पण त्या दिवसापासून माझ्या दुकानाची पायरी कुणी चढलं नाही. नर्सबाईंनी गणवेश अर्धवट उसवलेलाच परत मागवला.

तुझ्या लेकाच्या नव्या दवाखान्यापुढे गाड्या लावायला जागा नाही, हे मला दिसत होतं. तू विचारलं असतंस तर मी कडाकडा भांडले असते, आठवडाभर अबोला धरला असता, आणि शेवटी कडेची दोन झाडं हलवायला तयार झाले असते. तुझ्यासाठी. पण कागदावर तारीख आहे ती झाडांच्या यंदाच्या वाढदिवसाच्या तीन आठवडे आधीची. म्हणजे त्या दिवशी सगळ्यांसमोर बोलताना तुझा गळा दाटून आला तेव्हा तुला सगळं ठाऊक होतं. मी तुला पाणी आणून दिलं. तू ते प्यायलीस आणि मला म्हणालीस, "आठव्याचं माप नीट घे, गेल्या वेळी चुकलं होतं." जी झाडं पडणार हे तुला माहीत होतं, त्यांची मापं तू माझ्याकडून घेत होतीस!

मी चार दिवस तुझ्या फोनची वाट पाहिली. मग मीच केला. तुझ्या लेकाने उचलला, म्हणाला, "आई झोपली आहे, मावशी." सकाळचे अकरा वाजले होते. मागे तुझा खोकला ऐकू येत होता. तो मी कुठेही ओळखते. दुसऱ्याच दिवशी तू बहिणीकडे निघून गेलीस.

म्हणून आज सकाळी मी उद्यानखात्याच्या कचेरीत गेले आणि लिहून दिलं, की ही सही माझी नाही. साहेबांनी विचारलं, "मग कुणाची?" मी तुझं नाव सांगितलं. उरलेल्या दहा झाडांना हात लावायचा नाही, असा हुकूम त्यांनी लगेच काढला. तुला चौकशीला बोलावतील, बहुधा याच आठवड्यात. तू केलेलं मला एका अनोळखी मुकादमाकडून कळलं. मी केलेलं तुला कुण्या शिपायाकडून कळू नये, एवढ्यासाठी हे पत्र. तिथे खरं सांग. आणि परत आलीस की लगेच माझ्याकडे येऊ नकोस. मला अजून तुझं तोंड बघवणार नाही.

गुडघ्याला शेक घे.

अजून तरी तुझीच,
शिंपीण