काकूंच्या भिंतीवरचा डाग

४ जून
आजपासून रोजनिशी. उद्या चरित्रकारांची पळापळ नको. रंग आणि प्रकाशावरचं माझं पुस्तक मेहुण्याच्या छापखान्यात दिलं. बाकी प्रकाशकांची लायकी नाही. तसं त्यांनी नकार देऊन सिद्धही केलं.

११ जून
माझ्या चित्रकलेच्या क्लासला येणाऱ्या काकूंनी चित्र आणलं. खिडकीपाशी काकांची रिकामी खुर्ची. काका गेल्याला वर्षही झालं नाही. भिंतीवर तपकिरी डाग. हे काय, विचारलं. म्हणाल्या, ते तिथे डोकं टेकून बसायचे, तेलाचा डाग आहे. म्हटलं, काकू, भावना घरी, इथे फक्त प्रकाश. माझी पद्धत ठरलेली: त्यांनी काढायचं, मी सुधारायचं. आधी मोबाइलवर फोटो घेतला, मग ब्रश. डाग गायब! खुर्चीवर झकास पिवळं ऊन. काकूंच्या डोळ्यांत पाणी. कला पोचली की असं होतं.

१२ जून
दोन्ही फोटो पुस्तकात घालणार. आधीचा 'चूक', नंतरचा 'दुरुस्ती'. काकूंना विचारायचं राहिलं. आनंदच होईल. बायको म्हणाली, अहो, त्यांच्या नवऱ्याची खूण पुसलीत तुम्ही. हिला कलेतलं काय कळतं? आजपासून अबोला.

१३ जून, सकाळ
चहा मिळेना. बोललो.

२५ जून
काकू क्लासला येत नाहीत. सराव करत असतील. येतील.

२ ऑगस्ट
पुस्तक आलं! शेवटच्या पानावर काकूंच्या चित्राखाली 'दुरुस्ती'. माझ्याखाली 'चूक'!! मेहुण्याला फोनवर फैलावर घेतलं. तो म्हणाला, दाजी, घाईत तुम्ही उलटं लिहिलं होतं, मी सरळ केलं. शेंबड्या पोरालाही कळेल. आभार मानू नका.
उद्याच शुद्धिपत्र काढतो.

७ ऑगस्ट
पेपरात परीक्षण. 'तो डाग घालून सरांनी रिकाम्या खुर्चीत माणूस बसवला.' शुद्धिपत्राची घाई नको. शेवटी शिकवण कोणाची?

९ ऑगस्ट
काकू आल्या. हातात पुस्तक! म्हटलं होतं ना, येतील. लगेच सही ठोकली. त्यांना मात्र मोबाइलमधला मूळ फोटो हवा होता. तो कधीच डिलीट केला. कव्हरसाठी माझे फोटो काढताना जागा पुरेना. काकूंनी बायकोकडे कात्री मागितली. शेवटच्या पानावरून आपलं चित्र कापलं, पर्समध्ये जपून ठेवलं आणि निघाल्या.
बाकीचं पुस्तक टेबलावरच ठेवून गेल्या. सही केलेलं होतं.