पॉलिअ‍ॅमरी आणि सागवानी झोपाळा

१४ सप्टेंबर, रविवार
स्वतःच्या हाताने केलेल्या वस्तू: कांदा निवडायची जाळी. गोबरगॅसची शेगडी. देवघर. निकिताच्या लग्नात द्यायला सागवानी झोपाळा, दोघांचा, साडेतीन फूट. कुठे शिकलो नाही. सगळं बघून बघून.

आज निकिताचा पुण्याहून फोन. लग्न करणार नाही म्हणाली. अमृत आणि पार्थ, दोघांवरही प्रेम आहे. दोघांना एकमेकांचं माहीत आहे. तिघं एकत्र राहतात. याला पॉलिअ‍ॅमरी म्हणतात. पप्पा, शांत डोक्याने विचार करा, मग फोन करा, म्हणाली.

मला काही वाटलं नाही. नेहमीएवढं जेवलो.

संकल्प: शब्द मुळापासून समजून घेणे. पुढच्या रविवारी फोन.

१७ सप्टेंबर
पॉली ग्रीक, म्हणजे पुष्कळ. अमोर लॅटिन, म्हणजे प्रेम. मोटार एका कंपनीची, पंप दुसऱ्या कंपनीचा. पाणी येतं, पण मी असं बसवलं नसतं. शब्द १९९०च्या आसपास अमेरिकेत निघाला. माझ्यापेक्षा लहान, निकितापेक्षा मोठा.

२१ सप्टेंबर, रविवार
फोन केला नाही. रेंज नव्हती. शेजाऱ्यांकडे होती.

हिला समजावलं की आपल्याकडे हे जुनंच आहे, आजोबांना दोन बायका होत्या. ही म्हणाली, थोरलीला कुनी इचारलं हुतं का? मळ्यात जाऊन ऱ्हायली ती, मरेस्तोवर.

तपासलं. व्याख्येत ‘सर्वांच्या माहितीने व संमतीने’ असंच आहे. आजोबा बाद.

५ ऑक्टोबर, रविवार
फोन केला नाही. मराठी प्रतिशब्द ठरत नाही. ‘बहुप्रीती’ साडीच्या दुकानाचं नाव वाटतं. ही म्हणाली, पोरीनं फोन करा म्हनलंय, पेपर लिवा न्हाई म्हनलं. हिला अभ्यासाची सवय नाही.

झोपाळा उतरवला. तिघं बसायची तर साडेपाच फूट लागेल. त्याच झाडाची फळी शिल्लक आहे. संमती दिलेली नाही. फक्त माप बघतोय.

१२ ऑक्टोबर, रविवार
फोन केला. ग्रीक, लॅटिन, अमेरिका, आजोबा, सगळं क्रमाने सांगितलं. निकिता हं, हं म्हणत होती. मग म्हणाली, पप्पा, दिवाळीला आम्ही तिघं येऊ का?

तेवढ्याची तयारी नव्हती. म्हणालो, शब्दाबद्दल एक शंका राहिली आहे, बघून कळवतो.

बरं, म्हणाली.

एकूण चर्चा चांगली झाली.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज
झोपाळा टांगला. जोड कुठे आहे ते हात फिरवूनही कळत नाही. कोणी आलं नाही. मी कळवलं नव्हतं. ही थोडा वेळ झोपाळ्याच्या कडेला बसली, मग करंज्यांचा डबा शेजारी देऊन आली.

दुपारी छगन आला, जुनं फर्निचर घेणारा, खर्डा गावचा. म्हणाला, नाना, तुमी दोघंच मानसं, एवढा लांबडा झोपाळा काय करता? माझ्याकडं गिऱ्हाईक हाय.

नाही म्हटलं. पंचवीस हजार रोख देत होता.